हुसैनमियाँ होडेकर आणि त्यांच्या जाळीवाल्या

ओमानमधल्या सलालाहमध्ये मासळीबाजाराकडे वळणाऱ्या एका गल्लीत मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान होतं. दारात जाळ्याला बांधायच्या बोयांच्या माळा, आत छतापर्यंत रचलेली नायलॉनची भेंडोळी, दोरखंड, शिशाच्या गोळ्यांची पोती, आणि या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर हुसैनमियाँ होडेकर. माणूस ताडमाड उंच आणि कंबरेनं दुखणाईत. तरीही आपल्याच दुकानाच्या मागच्या दारातून जाताना ते दर वेळी पार गुडघ्यात वाकून जायचे, कारण दाराच्या वरच्या अर्ध्या भागात कोळ्याचं जाळं असायचं आणि ते मोडायची कुणाला परवानगी नव्हती.

जाळी विकणारा माणूस आणि कोळी, या जोडीवर सलालाहमधल्या मराठी मंडळींनी करायचे तेवढे विनोद करून झाले आहेत. मी त्यातला एकही इथे सांगणार नाही.

मी तिथल्या इंडियन स्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. शाळेच्या बागेतल्या टोमॅटोवर साळुंक्या तुटून पडायच्या, म्हणून जाळं घ्यायला मी त्या दुकानात गेले. हवं ते भेंडोळं मागच्या अंगणात होतं. दारात ते जाळं आडवं आलं, तशी मी सवयीनं हातातली छत्री वर केली. होडेकरांनी छत्री धरली.

"बाई, वाकून जा."

गिऱ्हाइकाला वाकून जा म्हणणारा दुकानदार मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मला राग आला. मी म्हटलं, "उद्या सकाळी नवीन विणेल की तो. त्याला दुसरं काम काय आहे?"

"तो नाय, ती," होडेकर म्हणाले. "नर कुठं विणतो? आनि उद्या विणंल हे खरं, पन आज मोडलं ते मोडलंच ना?"

मग त्यांनी मला चहा पाजला आणि आईनं लहानपणी सांगितलेली गोष्ट ऐकवली. पैगंबरसाहेब मक्का सोडून निघाले तेव्हा एका गुहेत लपले होते. मागावर आलेले लोक गुहेच्या तोंडाशी पोचले, तर तिथे कोळ्याचं अखंड जाळं. आत कुणी गेलं असतं तर जाळं फाटलं नसतं का, असा विचार करून ते माघारी फिरले. तेव्हापासून होडेकरांच्या घरात कोळी मारत नाहीत. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या घरात मारत नव्हते आणि सलालाहच्या भाड्याच्या घरातही मारत नाहीत. त्यांच्या पत्नी रशीदाभाभी ईदच्या आधी घर घासूनपुसून लख्ख करायच्या, पण कोळी दिसला की त्याला काचेच्या ग्लासात घेऊन अंगणात सोडून यायच्या. तोंडानं कुरकुर चालू असायची, ती निराळी.

टोमॅटोसाठी जाळं घेऊन मी घरी आले, आणि पुढची सात-आठ वर्षं त्या दुकानात काही ना काही निमित्त काढून जात राहिले.

होडेकरांचा अभ्यास दांडगा होता असं मी म्हणणार नाही. चुकीचाही पुष्कळ होता, आणि ते तो बदलायला तयार नसायचे. पण त्यांची नजर वेगळी होती. आपण आधी कोळी बघतो, मग जमलं तर जाळं. ते आधी जाळं बघायचे. त्यांचे वडील हातानं जाळी विणायचे. गाठ बघितली की कोणत्या घरातलं जाळं ते त्यांना कळायचं, असं होडेकर सांगायचे. लेक बापाकडून शिकतो, नातू आजोबाकडून, म्हणजे ज्यांची वीण एक त्यांचं घर एक. हाच नियम त्यांनी कोळ्यांना लावला होता, आणि त्यांच्यापुरता तो पक्का होता.

सलालाहला खरीफ, म्हणजे तिथला पावसाळा, सुरू झाला, डोंगर हिरवे झाले, की त्यांचं खातं उघडायचं. शुक्रवारी नमाज झाला की ते गाडी काढून नारळाच्या बागांत फिरायचे. बागांचे मालक, राखणदार, रस्त्याकडेला शहाळी विकणारे मल्याळी, सगळे ओळखीचे. सुट्टीच्या दिवशी मलाही न्यायचे. रशीदाभाभी डबा घेऊन बरोबर असायच्या, आणि मागे बसून नवऱ्याच्या ड्रायव्हिंगवर सतत बोलायच्या.

दोन नारळांच्या मध्ये दरवाजाएवढं जाळं असायचं, आणि ऊन पडलं की त्याचे धागे खरंच पिवळे दिसायचे. ती 'सोनेरी'. मधोमध ती स्वतः लांब पाय पसरून बसलेली, आणि वरच्या कडेला तिचा नवरा, नखाएवढा. भाभी म्हणायच्या, "हिचं बरं हाय. नवरा ओरडला तरी ऐकू येत नाय." जाळ्याच्या मध्यावर पांढऱ्या धाग्याची नागमोडी पट्टी काढणारी ती 'शिवणवाली'. खाल्लेल्या किड्यांचा कचरा ओळीनं टांगून त्याच ओळीत स्वतः कचऱ्यासारखी बसणारी ती 'कचरेवाली'. झऱ्याच्या पाण्यावर आडवं जाळं लावून गवताच्या काडीला काडीसारखी चिकटून राहणारी 'पाणवाली'. आणि एक अगदी बारकी, भुरकट, कुणाचं लक्षही जाणार नाही अशी, जिचा धागा चिकट नव्हता, पिंजलेल्या लोकरीसारखा होता. ती 'लोकरवाली'. या सगळ्यांचं जाळं गोल. मधून निघालेल्या आऱ्या, त्यावर फेर धरलेला धागा. कोकणातला पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, असाच गोल असतो, आणि होडेकरांच्या हिशेबी या सगळ्या पागवाल्या, एका घरातल्या लेकीसुना.

मी त्यांना सांगायचे की कोळ्याचं कुळ जाळ्यावरून ठरत नाही. डोळे कसे मांडलेत, जबडा कसा आहे, मागच्या पायाला केसांची फणी आहे की नाही, हे बघावं लागतं. लोकरवालीच्या पायाला तशी फणी असते, ती तिनं धागा पिंजते. शिवाय तिला विष नसतं, बाकीच्यांना असतं. ती निराळ्या कुळातली.

"असंल," होडेकर म्हणायचे. असंल म्हणजे मला पटलेलं नाही, पण तुम्ही शाळेतल्या बाई आहात. मला या 'असंल'चा फार संताप यायचा.

त्यांची मुलगी सादिया माझ्याच हाताखाली शिकली. जन्म सलालाहचा, आपसात इंग्रजी, घरात अडखळत मराठी, आणि कोळ्यांच्या बाबतीत बापाची लेक. माझ्या प्रयोगशाळेतलं भिंग तिनं वर्षभर स्वतःच्या दप्तरात ठेवलं होतं. पुढे ती पुण्याला गेली, प्राणिशास्त्र घेतलं, आणि एम. एस्सी.च्या प्रबंधासाठी विषय निवडला, सलालाहच्या बागांतले गोल जाळ्यांचे कोळी. होडेकरांनी ही बातमी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. मिरबातच्या मच्छीमारांना प्रबंध म्हणजे काय ते अरबीत समजावून सांगताना मी त्यांना ऐकलं आहे. त्यांचा अर्बाब सालिम, म्हणजे ज्याच्या नावावर दुकान होतं तो ओमानी, शांतपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाला की पोरीला डॉक्टर का नाही केलं. दोन दिवस होडेकर त्याच्याशी बोलले नाहीत.

२०१६च्या खरीफात सादिया नमुने गोळा करायला घरी आली. होडेकरांनी दुकान पोऱ्यावर सोपवलं आणि तिचे ड्रायव्हर झाले. कुठल्या बागेत कोण बसते हे त्यांना पाठ होतं. सादियानं एक गोष्ट आधीच ठरवून टाकली होती. मारायचं नाही. कोळी बरणीत घ्यायचा, भिंगातून बघायचा, चहूबाजूंनी फोटो काढायचे आणि सोडून द्यायचा. याबद्दल बापलेकीत काही बोलणं झालं नव्हतं, त्याची गरजच नव्हती.

बोलणं झालं ते निराळ्याच गोष्टीवरून. एका दुपारी दुकानात आम्ही तिघं बसलो होतो, आणि सादियानं सांगितलं की सगळी मांडणी बदलली आहे. दोन वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी कोळ्यांची जनुकं मोठ्या प्रमाणावर तपासली, आणि लोकरवाली त्या घरातली नाहीच असं निघालं.

"अब्बा, वेब सेम असलं म्हणून फॅमिली सेम नसते ना. लोकरवालीचे रिलेटिव्ह वेगळेच आहेत. काही तर जाळं करतच नाहीत."

"जाळं करत नाय, आनि हिचे सोयरे?"

"हो. आणि सोनेरीला वेगळी फॅमिली दिली होती ना, तिला आता शिवणवालीच्या फॅमिलीत परत टाकतायत."

होडेकर बराच वेळ हातातल्या सुईनं फाटकं जाळं सांधत राहिले. मग म्हणाले, "टीचरबाई, तुमी लोक एकदा बसून ठरवा आनि मग आमाला सांगा." मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं रास्त होतं. एवढी नेमकी गोल वीण दोन घरांत निरनिराळी आली, की मूळच्या एकाच जुन्या घरातून आली आणि बाकीचे विणणं विसरले, यावर तेव्हा शास्त्रज्ञांचंही एकमत नव्हतं.

ऑगस्ट संपत आला आणि सादियाच्या सरांचा पुण्याहून फोन आला. तिनं फोटो आणि यादी पाठवली होती. सर भला माणूस असावा, कारण तो ओरडला नाही. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की फोटोवरून एवढंच कळतं की हा साधारण कुठल्या घराण्यातला. जात नक्की करायची तर वयात आलेली मादी हवी. तिच्या पोटाखाली एक बारीक कडक तबकडी असते, तिची घडण प्रत्येक जातीची निराळी, आणि ती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. म्हणजे मादी स्पिरिटमध्ये बुडवून आणली पाहिजे. नमुने नसतील तर प्रबंध स्वीकारता येणार नाही. दुसरा विषय घ्यावा लागेल आणि वर्ष जाईल.

दुसरी गोष्ट सादियाला जास्त लागली. सरांनी विचारलं, त्या भागात कुंपणाच्या निवडुंगावर सगळ्यात जास्त दिसणारा कोळी तुझ्या यादीत कसा नाही?

तो नव्हता, कारण होडेकरांनी तो दाखवलाच नव्हता. बागांच्या कुंपणांवर तंबूसारखी जाळी शेकड्यानं असतात. मध्ये बारीक विणीची आडवी चादर, तिच्या वरखाली धाग्यांचा गुंता, आणि दहा-वीस जणी शेजारी शेजारी चाळीत राहाव्यात तशा. तिचा धागा चिकट नसतो. होडेकर तिला 'मच्छरदाणीवाली' म्हणायचे आणि बघायलाही थांबायचे नाहीत. जे मासा धरत नाही ते जाळं कसलं? त्यांच्या मते ती वेगळ्या धंद्यातली होती. प्रत्यक्षात ती चादर नीट बघितली तर गोल जाळंच आहे, फार बारीक आसाचं, म्हणजे बारीक छिद्रांचं, आणि आडवं ताणलेलं, आणि मच्छरदाणीवाली शिवणवालीच्या सख्ख्या कुळातली. ज्या लोकरवालीला त्यांनी घरात घेतलं होतं ती परकी निघाली, आणि जी घरची होती तिला त्यांनी कुंपणावर ठेवलं होतं. अशी चूक जाळी विकणाराच करू शकतो.

दुसऱ्या दिवशी सादिया माझ्या प्रयोगशाळेत आली. तिला जायला पंधरवडाही उरला नव्हता. मी शाळेच्या साठ्यातलं स्पिरिट काढून दिलं, काचेच्या कुप्या दिल्या, चिमटा दिला. ती शाळेच्या कुंपणावरून एक मच्छरदाणीवाली बरणीत घेऊन आली होती. कुपी उघडली. चिमटा हातात धरला. मग चिमटा खाली ठेवून ती रडायला लागली.

"मिस, मला नाही होत. मला माहितीये की सायन्समध्ये करावं लागतं. पण दादीची ती स्टोरी आठवते. आणि अब्बांना कसं सांगू?"

मी म्हटलं, "मी करते." मी आयुष्यात किती बेडूक आणि झुरळं कापली असतील त्याची गणती नाही. मला काही वाटलं नसतं.

"नको मिस. मग मी अब्बांशी खोटं बोलल्यासारखं होईल." तिनं बरणी उचलली, कुंपणाशी नेली आणि कोळी सोडून दिला.

मी त्याच संध्याकाळी दुकानात गेले. रागातच गेले होते. मुलीचं वर्ष जातंय आणि हा माणूस बोयांच्या माळा ओवत बसलाय, असं काहीतरी डोक्यात होतं. मी बसलेसुद्धा नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. स्पिरिट, मादी, तबकडी, सरांचा फोन, सादियाचं रडणं. शेवटी म्हटलं, "तुम्ही फक्त हो म्हणा. हात माझा. तुमच्या घराला काही लागत नाही."

होडेकरांनी खुर्ची पुढे केली. "बसा." मग पोऱ्याला चहा सांगितला. चहा येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. माझा राग त्या वेळात निम्मा झाला, आणि बहुतेक त्यांचा हेतू तोच असावा.

"ती तडफडते का?" त्यांनी विचारलं.

"थोडा वेळ."

"किती मारायच्या?"

"प्रत्येक जातीच्या दोन-तीन. फार नाहीत."

"आनि त्याच्यातून नाव कळतं?"

"हो. नक्की नाव. जे मानलं जातं ते."

त्यांनी चहा संपवला. "तुमी नको, टीचरबाई," ते म्हणाले. "तुमी भल्या मनानं बोलता ते कळतं. पन माजी पोरगी शिकनार, डिग्री माज्या घरात येनार, आनि गुनाह तुमच्या माथी? ईद आली बगा. बकऱ्याच्या मानंवर सुरी मी सोता चालवतो. कसायाच्या हातात देऊन बाजूला नाय उभा राहत. माज्या बापानं तसंच केलं."

"पण मग करणार कोण?"

"उद्या शुक्रवार हाय," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नमाजानंतर आम्ही निघालो. भाभींनी त्या दिवशी ड्रायव्हिंगवर एक शब्द काढला नाही. त्यांच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत शाळेतली स्पिरिटची बाटली. आदल्या संध्याकाळी ती घरात कुठे ठेवायची यावरून पुष्कळ चर्चा झाली होती म्हणे. स्पिरिट म्हणजे शेवटी दारूच, म्हणून स्वयंपाकघरात नको, कुराण ठेवलेल्या खोलीत तर नकोच. शेवटी ती रात्रभर गाडीच्या डिकीत राहिली. हे सांगताना भाभी थोड्या हसल्या.

बागेचं कुंपण निवडुंगाचं होतं आणि बारीक पाऊस पडत होता. मच्छरदाणीवाल्यांच्या तंबूंवर थेंब साचले होते. होडेकर तिथे गेले आणि खूप वेळ बघत उभे राहिले. इतकी वर्षं ज्या कुंपणाला वळसा घालून ते पुढे जायचे, त्याच्याकडे ते पहिल्यांदाच नीट बघत असावेत. वाकून, एका डोळ्यानं, माल पारखताना बघायचे तसं.

"आस बगितला का?" ते सादियाला म्हणाले. "येवडा बारीक आस मी आख्ख्या जिंदगीत बगितला नाय. फेरपन हाय. पागच हाय की." मग म्हणाले, "मी उगाच हिला बाहेर ठेवलं."

सादियानं चिमटा पुढे केला. "अब्बा, मी ट्राय करते."

"तू तिकडं जा. अम्मीजवळ."

"अब्बा, प्लीज. हे माझं काम आहे."

"तुजं काम नाव शोधायचं. यल्ला, जा."

ती गेली नाही, पण तिनं तोंड फिरवलं. होडेकरांनी उजव्या हातानं चादरीखालून हळूच बोट लावलं, तशी ती मादी, चांगली टपोरी, घरंगळत त्यांच्या तळहातावर आली. त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं. एवढ्या हलक्या आवाजात की मला फक्त ओठ दिसले. आणि हात कुपीवर उपडा केला. पाय थोडे हलले, मग आखडले. झाकण लावलं आणि कुपी मुठीत धरून ते उभेच राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. मला त्या क्षणी त्यांचा विलक्षण अभिमान वाटला, आणि विज्ञानाचाही थोडा राग आला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी बाकीच्याही मारल्या. शिवणवाली, कचरेवाली, पाणवाली, लोकरवाली, आणि शेवटी सोनेरी. प्रत्येक वेळी स्वतःच्या हातानं, प्रत्येक वेळी अल्लाचं नाव घेऊन. मी एकदाही मध्ये पडले नाही. दुकानाच्या मागच्या दारातलीला मात्र त्यांनी हात लावला नाही, आणि सादियानंही तिच्याविषयी कधी विचारलं नाही.

प्रबंध मान्य झाला आणि सादिया चांगल्या गुणांनी पास झाली, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. मच्छरदाणीवालीवरचं प्रकरण सगळ्यात चांगलं झालं होतं. आणि तीन वर्षांनी काही शास्त्रज्ञांनी सोनेरीला परत वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं. ते कळवायला मी फोन केला तेव्हा होडेकर म्हणाले, "असंल." त्या खेपेला मला राग आला नाही.

पण मला सांगायची आहे ती सादियाच्या जाण्याआधीची शेवटची दुपार. शाळेच्या प्रयोगशाळेत टेबलावर सगळ्या कुप्या ओळीनं मांडल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तबकडी बघून सादियानं नावं लावली होती, आणि आता चिठ्ठ्या लिहीत होती. जाड कागदाच्या नखाएवढ्या चिठ्ठ्या, पेन्सिलीनं लिहायच्या, कारण शाई स्पिरिटमध्ये उतरते. जात, जागा, तारीख, आणि खाली नमुना कुणी गोळा केला त्याचं नाव. होडेकर स्टुलावर बसून बघत होते. लेकीनं मच्छरदाणीवालीची चिठ्ठी त्यांच्यासमोर धरली. तिचा चेहरा फुलला होता.

"अब्बा, बघा. तुमचं नाव लिहिलंय. कलेक्टर एच. होडेकर."

"माजं नाव कशाला?"

"ज्यानं आणलं त्याचं नाव लिहितात. आणि हे कायम राहतं, अब्बा. आपण नसलो तरी. हंड्रेड इयर्सनंतर कुणी ही कुपी उघडली तरी त्याला कळणार, ही होडेकरांनी आणलीय."

ते चिठ्ठीकडे बघत राहिले. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता यायची, सावकाश.

"म्हंजे ज्यानं मारलं त्याचं नाव."

"हो, म्हणजे, तसंच."

"आनि बाकीच्यांवर?"

"बाकीच्यांवर आपलं दोघांचं. मी पण होते ना. एच. होडेकर अँड एस. होडेकर."

"नको," ते म्हणाले. "सगळ्यांवर माजं एकट्याचं घाल."

सादिया हसली. "अब्बा, सगळं क्रेडिट तुम्हालाच पाहिजे?"

ते हसले नाहीत. उठून टेबलाशी आले आणि ओळीतल्या पहिल्या कुपीवर बोट ठेवलं.

"कायम राहतं बोललीस ना? मग वर अल्लाकडं इचारतील तवा तुजा कागद साफ असूं दे. माजं नाव असूं दे. तुजं एकावर पन नको."

सादियाची पेन्सिल थांबली. मग तिनं माझ्याकडे खोडरबर मागितलं, आणि लिहून झालेल्या चिठ्ठ्या पुढ्यात ओढून त्यांच्यावरचं स्वतःचं नाव एकेक करून पुसायला लागली.